सुखना तलाव आणि शिवालिकच्या वाटा : सहलीचे वेळापत्रक पाऊस ठरवतो

सह्याद्रीत भटकणाऱ्या माणसाचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. पहिल्या सरी कोसळल्या की पाठपिशव्या बाहेर निघतात आणि लोणावळा, माळशेज, भीमाशंकरच्या वाटा गजबजतात. पावसाळा म्हणजे डोंगराचा हंगाम, हे महाराष्ट्रात कोणाला शिकवावे लागत नाही. नोकरीनिमित्त, शिक्षणासाठी किंवा लष्करी बदलीवर चंदीगड परिसरात येणारी मराठी कुटुंबे ही सवय सोबत घेऊन येतात. शहराच्या उत्तरेला शिवालिकच्या टेकड्यांची निळी रेघ दिसते, तिच्या पायथ्याशी सुखना तलाव पसरलेला असतो आणि जुलैच्या पहिल्या रविवारी टेकड्या चढाव्यात, तलावावर होडी वल्हवावी, असा बेत सहज आखला जातो.

हा बेत चुकीच्या महिन्यात आखलेला असतो. शिवालिकचे वेळापत्रक सह्याद्रीच्या जवळपास उलट आहे. येथे पावसाळा हा घरी बसण्याचा काळ असून, भटकंतीचा आणि जलक्रीडेचा खरा हंगाम पाऊस ओसरल्यावर सुरू होतो. हा फरक हवामानापुरता नाही. तो येथील मातीत, ओढ्यांत आणि खुद्द तलावाच्या जन्मकथेत आहे. ती कथा समजली की कोणत्या महिन्यात पाण्यावर जावे आणि कोणत्या महिन्यात डोंगरावर, याचा उलगडा बराचसा आपोआप होतो.

मोसमी ओढ्यावरचा तलाव

सुखना हा निसर्गनिर्मित तलाव नव्हे. चंदीगड शहराची उभारणी सुरू असताना १९५८ साली शिवालिकमधून उतरणाऱ्या ‘सुखना चो’ या ओढ्यावर मातीचा बांध घालून तो निर्माण करण्यात आला. पंजाबीत ‘चो’ म्हणजे पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारा आणि एरवी वाळूचे कोरडे पात्र होऊन पडलेला ओढा. शहराचे शिल्पकार ल कॉर्ब्युझिए आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा यांची ही योजना होती. तलावाची शांतता अबाधित राहावी यासाठी कॉर्ब्युझिए यांनी दोन गोष्टींचा आग्रह धरला होता : पाण्यावर यांत्रिक बोटी नकोत आणि बांधावरील रस्त्यावर वाहने नकोत. पहाटे बांधावरून फेरफटका मारणाऱ्या चंदीगडकरांना गाड्यांचे भोंगे ऐकावे लागत नाहीत, याचे श्रेय त्या आग्रहाला द्यावे लागेल.

कॉर्ब्युझिए यांचे चुलतभाऊ आणि सहकारी पिएर जानरे यांचा या पाण्याशी अधिक जिव्हाळ्याचा संबंध होता. तलावावरील पायडलच्या बोटींचे आरेखन त्यांनी केले होते. १९६७ साली स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार १९७० साली त्यांच्या अस्थी सुखनाच्या पाण्यात विसर्जित करण्यात आल्या.

यांत्रिक बोटींना मज्जाव असल्याने वल्ह्याच्या खेळांना येथे मोकळीक मिळाली. रोइंग, कयाकिंग आणि कनूइंगचा सराव सुखनावर अनेक दशकांपासून चालतो. १९८९ साली आशियाई रोइंग अजिंक्यपद स्पर्धा याच पाण्यावर झाली. सर्वसाधारण पर्यटकांसाठी चंदीगड औद्योगिक व पर्यटन विकास महामंडळाच्या पायडलच्या बोटी आणि शिकारे आहेत. कयाक हे मात्र प्रामुख्याने प्रशिक्षणार्थी खेळाडूंचे साधन राहिले आहे. त्यामुळे सुखनावर कयाक चालवण्याची इच्छा असणाऱ्याने तिकीट खिडकीपेक्षा प्रशिक्षण केंद्राची वाट धरणे अधिक फलदायी ठरते.

हा सारा खेळ ज्या पाण्यावर चालतो, ते पाणी मात्र बेभरवशाचे आहे. सुखनाला बारमाही नदी मिळत नाही. वर्षभराची बेगमी जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत होते. पाऊस कमी झाला तर उन्हाळ्यात काठाकडची जमीन उघडी पडते. २०१६-१७ च्या सुमारास पाणी इतके खाली गेले होते की तलाव आटतो की काय, या भीतीने विषय उच्च न्यायालयात गाजत होता. त्यानंतर २०१८ च्या सप्टेंबरमध्ये जोरदार पाऊस झाला आणि सुमारे दहा वर्षांच्या खंडानंतर तलावाचे दरवाजे उघडावे लागले. ऑगस्ट २०२० मध्ये पुन्हा तीच वेळ आली. तेव्हा सोडलेले पाणी खालच्या अंगाच्या बलटाना आणि जिरकपूर या वस्त्यांत शिरले. ९ जुलै २०२३ रोजी सकाळी संपलेल्या २४ तासांत चंदीगडमध्ये ३२२.२ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. शहराचा वर्षभराचा सरासरी पाऊस ११०० मिलिमीटरच्या आसपास असतो, हे ध्यानात घेतल्यास त्या एका दिवसाचे स्वरूप लक्षात येईल.

तलावाची धोक्याची पातळी समुद्रसपाटीपासून ११६३ फूट मानली जाते. पाणी या रेषेजवळ आले की दरवाजे उघडण्याची तयारी सुरू होते आणि स्थानिक वृत्तपत्रांत तलावाच्या पातळीचे आकडे छापून येऊ लागतात. सहलीचा बेत आखणाऱ्याने हवामानाच्या अंदाजाबरोबर हा आकडाही पाहण्याची सवय लावून घ्यावी. भरलेल्या तलावाचे दृश्य मोहक असते. परंतु दरवाजे उघडलेले असताना पाण्याला ओढ असते आणि छोट्या होडीसाठी ती ओढ काठावरून दिसते त्याहून बरीच मोठी असते.

सह्याद्रीचा कातळ, शिवालिकची माती

पावसाळ्यात सह्याद्री चढता येतो, याचे एक मोठे कारण त्याचा खडक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर साचून तयार झालेला हा काळा बेसाल्ट कणखर आहे. शेवाळाने तो निसरडा होतो, दरडीही कोसळतात. तरी डोंगराचा गाभा पाण्याने विरघळत नाही. शिवालिकचे तसे नाही. हिमालयातून वाहत आलेल्या नद्यांनी पायथ्याशी टाकलेली वाळू, चिकणमाती आणि गोटे यांचे थर गेल्या काही कोटी वर्षांत दाबले गेले, उचलले गेले आणि त्यांची ही टेकड्यांची रांग बनली. भूशास्त्राच्या हिशेबात हा अगदी कोवळा डोंगर आहे. काही ठिकाणी हाताच्या नखाने खरवडला तरी भुगा निघावा इतका तो ठिसूळ असतो.

अशा डोंगरावर तासभर मुसळधार पाऊस पडला तर तीन गोष्टी घडतात. पायवाट चिखल होऊन खाली सरकते. कडेचे उतार गोट्यांसह ढासळतात. आणि सकाळी कोरड्या पायांनी ओलांडलेला चो दुपारी छातीइतक्या गढूळ पाण्याने वाहू लागतो. शेवटची गोष्ट सर्वांत घातक आहे, कारण पाऊस वर डोंगरात पडत असतो आणि खाली पात्रात उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर ऊनही असू शकते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, ती दुर्घटना महाराष्ट्राला आठवत असेल. पाणी वाढण्यास किती थोडा वेळ पुरतो, हे त्या प्रसंगाने दाखवले. शिवालिकमधील रुंद, वाळूचे, निरुपद्रवी दिसणारे पात्र हे त्याच धोक्याचे दुसरे रूप आहे. अशा पात्रात डबा खायला बसू नये आणि तंबू तर कधीही ठोकू नये.

रस्त्यांचीही कथा वेगळी नाही. २ ऑगस्ट २०२३ रोजी परवाणूजवळ चक्की मोड येथे कालका-शिमला महामार्गाचा भाग खचला आणि काही दिवस वाहतूक ठप्प झाली. त्याच महिन्यात शिमल्याच्या समर हिल भागात दरड कोसळून कालका-शिमला रेल्वेमार्गाखालची जमीनच वाहून गेली. १९०३ साली सुरू झालेल्या आणि २००८ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या या मार्गावरील गाडी शिमल्यापर्यंत पुन्हा धावू लागायला शरद ऋतू उजाडला. पावसाळ्यात डोंगरावर पोहोचलेला माणूस ठरल्या दिवशी परत येईलच, याची हमी त्या दिवसांत कोणालाही देता येत नव्हती.

वाट आणि पाणी यांचे नाते

याच ठिसूळ मातीने सुखनाला जन्मापासून पछाडले आहे. बांध बांधून झाला आणि पहिल्या पावसापासून ओढ्याने पाण्याबरोबर गाळ आणण्यास सुरुवात केली. पहिल्या तीन दशकांत तलावाच्या साठवणक्षमतेचा मोठा भाग गाळाने गिळला. १९८८ पासून चंदीगडच्या नागरिकांनी श्रमदानाने गाळ उपसण्याची मोहीम हाती घेतली. शाळकरी मुले, सरकारी कर्मचारी, निवृत्त सैनिक घमेली घेऊन तलावाच्या कोरड्या भागात उतरत.

मात्र गाळाचा उगम शोधणाऱ्यांना आधीच वेगळे उत्तर सापडले होते. १९७० च्या दशकात केंद्रीय मृद व जलसंधारण संशोधन संस्थेच्या चंदीगड केंद्रातील पी. आर. मिश्रा हे गाळाचा माग काढत डोंगरात गेले आणि सुखोमाजरी या छोट्या गावात पोहोचले. गावाच्या जनावरांनी, विशेषतः शेळ्यांनी, उतारांवरचे गवत आणि झुडपे खरवडून टाकली होती. उघड्या पडलेल्या उतारांवरील माती प्रत्येक पावसात खाली येत होती. चराईबंदीचा हुकूम काढून काही साधणार नव्हते, कारण गावाला पोटापाण्याचे दुसरे साधन नव्हते. तेव्हा गावाजवळ मातीचे छोटे बंधारे बांधण्यात आले, त्यांचे पाणी शेतीला मिळू लागले आणि त्या बदल्यात गावकऱ्यांनी स्वतःहून उतारांवर जनावरे सोडणे थांबवले. डोंगर पुन्हा गवताने झाकला गेला. भारतातील पाणलोट विकासाच्या इतिहासात राळेगणसिद्धीच्या जोडीने सुखोमाजरीचे नाव घेतले जाते, ते यामुळे.

तलावाच्या पाणलोटात सुमारे २५ चौरस किलोमीटर जमीन संपादित करून तेथे झाडे लावण्यात आली. हेच क्षेत्र १९९८ साली सुखना वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित झाले. चंदीगडजवळची सर्वांत सोयीची पायवाट याच अभयारण्यातून, कांसल आणि नेपली या वनक्षेत्रांमधून जाते. वाटेत लागणारे छोटे बंधारे आणि तळी ही गाळ अडवण्यासाठी बांधलेली आहेत. त्यांच्या काठावर सांबर, चितळ पाणी प्यायला येतात. बिबट्याचा वावरही या रानात आहे. म्हणून वनविभागाची पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय आत जाता येत नाही आणि दिवस मावळण्यापूर्वी बाहेर पडावे लागते.

येथे एक गोष्ट नवख्या भटक्याच्या ध्यानात येत नाही. वळणावळणाची पायवाट सोडून उतारावरून सरळ खाली घसरत येण्याची हौस सह्याद्रीत फार नुकसान करत नाही. शिवालिकमध्ये अशी एक घसरण पुढच्या पावसात घळ बनते आणि तिची माती शेवटी सुखनात जाऊन बसते. ज्या तलावावर दुसऱ्या दिवशी होडी घालायची, तोच तलाव आदल्या दिवशी पायाने थोडा उथळ करून ठेवण्यासारखे हे आहे. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये सुखनाला ‘जिवंत व्यक्ती’चा दर्जा देणारा निर्णय दिला, तेव्हा न्यायालयासमोर मुख्य प्रश्न पाणलोट क्षेत्रातील बांधकामांचा होता. पायवाटांवरील शिस्त हा त्याच प्रश्नाचा लहानसा, पण प्रत्येकाच्या हातात असलेला भाग आहे.

कोणता महिना कशासाठी

परतीचा पाऊस सप्टेंबरच्या अखेरीस चंदीगड सोडतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ हा वर्षातील सर्वोत्तम मानावा. तलाव भरलेला असतो, पाणी अद्याप गार पडलेले नसते, वारा मंद असतो, टेकड्या हिरव्या असतात आणि वाटा वाळलेल्या असतात. पाण्यावर आणि डोंगरावर, दोन्हीकडे जाता येईल असा हा बहुधा एकमेव काळ. त्याला एकच गालबोट लागते : ऑक्टोबरअखेरीस पंजाब-हरियाणाच्या शेतांत भाताची खुंटे जाळली जातात आणि काही दिवस हवेत धुराचा थर साचतो. दम्याचा त्रास असलेल्यांनी त्या दिवसांत मैदानाजवळच्या टेकड्यांऐवजी कसौलीसारखे उंचीवरचे ठिकाण निवडणे बरे.

डिसेंबर आणि जानेवारीत दाट धुके असते. सकाळी दहापर्यंत तलावाचा पलीकडचा काठ दिसत नाही, अशा वेळी होडी काढणे सुज्ञपणाचे नाही. हा काळ पाहुण्या पक्ष्यांचा आहे. चक्रवाक, हळदी-कुंकू बदके आणि ज्यांना मराठीत आपण ‘वारकरी’ म्हणतो ते काळ्या अंगाचे, पांढऱ्या कपाळाचे पाणपक्षी सुखनाच्या उथळ भागात दिसतात. वल्हे मारत त्यांच्या थव्याजवळ जाण्याचा मोह अनेकांना होतो. दूरवरून उडत आलेल्या पक्ष्याला वारंवार उठवणे म्हणजे त्याने खाऊन साठवलेली शक्ती खर्च करायला लावणे होय. थवा मान वर करून पाहू लागला की होडी वळवावी.

फेब्रुवारीचा मध्य ते मार्चअखेर हा दुसरा हंगाम. काटेसावर आणि पळस फुललेले असतात, दिवस मोठा होत असतो. याच काळात एक फसगत होते. ऊन उबदार असल्याने माणूस पातळ सुती कपड्यांत होडीत बसतो. पण तलावाचे पाणी हिवाळ्याइतकेच गार असते. होडी उलटली तर अंगावरचा ओला सुती कपडा शरीराची ऊब झपाट्याने शोषून घेतो आणि काही मिनिटांत बोटे काम देईनाशी होतात. जलक्रीडेचे कपडे हवेसाठी नव्हे, तर पाण्यासाठी निवडावेत, हा सर्वत्र मानला जाणारा नियम चंदीगडच्या फेब्रुवारीत फार उपयोगी पडतो. लोकरीचा किंवा लवकर वाळणारा कृत्रिम धाग्याचा सदरा चालतो, सुती नको.

एप्रिलपासून पारा चढू लागतो. मे-जूनमध्ये तो चाळिशीपलीकडे जातो. चीड वृक्षांच्या वाळलेल्या सुयांचा जाड थर उतारांवर पसरतो. त्यावरून पाय सटकतो आणि ठिणगी पडली तर वणवा लागतो. स्वयंपाकाचा स्टोव्ह, विडी-सिगारेट या वस्तू त्या दिवसांत रानात नेऊच नयेत. तलावावर वेगळे संकट असते. दुपारनंतर क्षितिजावर तांबूस भिंत उभी राहते आणि दहा-पंधरा मिनिटांत धुळीचे वादळ, म्हणजे येथील ‘आँधी’, येऊन धडकते. शांत तलावावर अचानक लाटा उठतात. उन्हाळ्यात होडी सूर्योदयाला काढावी आणि नऊच्या आत काठाला लावावी, एवढे पाळले तरी निम्मे धोके टळतात.

जुलै ते सप्टेंबर या काळात बांधावरून चालावे, भरत जाणारा तलाव पाहावा. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला हे जड जाते, हे खरे आहे.

पाण्यावर उतरण्यापूर्वी

कयाक आणि कनू यांत गल्लत होते. कयाकमध्ये बसून, पाय पुढे पसरून, दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने आळीपाळीने डावी-उजवीकडे पाणी मागे सारले जाते. कनूमध्ये एकच पाते असलेले वल्हे असते आणि स्पर्धेत ते गुडघ्यावर बसून चालवतात. स्पर्धेची कयाक इतकी अरुंद असते की नवशिक्याला तीत नुसते बसणेही साधत नाही. सहलीसाठी रुंद, उघड्या बैठकीची कयाक असते. ती उलटली तरी माणूस आत अडकत नाही. आरंभ तिनेच करावा.

जोर दंडांतून लावायचा, असा नवशिक्यांचा समज असतो. तसे केल्यास अर्ध्या तासात खांदे भरून येतात. वल्हे मारताना कमरेपासून धड वळवावे आणि पायांनी होडीला रेटा द्यावा, म्हणजे शक्ती पुरून उरते. वाऱ्याचा हिशेब निघण्यापूर्वी करावा. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जावे, म्हणजे दमल्यावर परतताना वारा साथ देतो. याच्या उलट केल्यास जाण्याचा प्रवास सुखाचा होतो आणि परतीच्या वेळी फजिती होते.

लाइफ जॅकेट पोहता येणाऱ्यानेही अंगात घालून, पट्टे आवळूनच बसावे. होडीत ठेवलेले जाकीट उपयोगाचे नसते. होडी उलटल्यास पोहत काठ गाठण्याचा प्रयत्न न करता होडीलाच धरून राहावे. ती तरंगते आणि मदतीला येणाऱ्यांना दुरून दिसते. एकट्याने पाण्यावर जाऊ नये.

मोठ्या जलाशयांचे गणित आणखी निराळे आहे. भाक्रा धरणाच्या गोविंद सागराची पूर्ण पातळी १६८० फूट असून वर्षभरात त्या पाण्यात शंभर फुटांहून अधिक चढउतार होऊ शकतो. त्यामुळे काठाचा उतार कोठे संपतो आणि खोल पाणी कोठे सुरू होते, हे महिन्यागणिक बदलते. १ ऑगस्ट २०२२ रोजी हिमाचल प्रदेशातील ऊना जिल्ह्यात या जलाशयात स्नानासाठी उतरलेले पंजाबच्या बनूड येथील सात तरुण बुडाले. ते उन्हाळी रजेत नव्हे, तर ऐन पावसाळ्यात, पाणी वाढत असताना तेथे गेले होते. कोकणात कोलाड येथे कुंडलिका नदीवरील जलक्रीडा वीजनिर्मितीनंतर सोडल्या जाणाऱ्या पाण्याच्या वेळेवर चालते आणि ती वेळ तेथील चालकांना पाठ असते. धरणाच्या पाण्यावर जाताना पाणी कोण, केव्हा आणि किती सोडतो, ही चौकशी सर्वप्रथम करावी लागते.

दोन वाटा, एक हिशेब

चंदीगडहून दिवसभरात करता येण्याजोग्या दोन सहली विशेष प्रचलित आहेत. पहिली मोरनीची. हरियाणाच्या पंचकुला जिल्ह्यातील हे डोंगरी गाव चंदीगडपासून सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. तेथून खाली टिक्कर ताल ही दोन तळ्यांची जोडी लागते. मध्ये टेकडी असूनही दोन्ही तळ्यांतील पाण्याची पातळी सदैव सारखी राहते, अशी स्थानिक समजूत आहे. तळ्यावर नौकाविहाराची सोय असल्याने सकाळी डोंगर आणि दुपारी पाणी, असा जोडबेत येथे जमतो. हरियाणातील सर्वोच्च शिखर करोहही याच भागात आहे. त्याची उंची दीड हजार मीटरच्याही आत असली, तरी वाट दगडाळ असल्याने चढाव कष्टाचा वाटतो.

दुसरी सहल परवाणू ते कसौली. मोटाररस्ता होण्यापूर्वी खेचरे ज्या वाटेने जात, त्या वाटेने चिडाच्या रानातून वर चढायचे. परवाणू सुमारे ७६० मीटर उंचीवर तर कसौली सुमारे १९०० मीटरवर आहे. या चढणीला किती वेळ लागेल, हे मोजण्याची एक जुनी रीत विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली सांगितली होती. साधारण पाच किलोमीटरला एक तास धरावा आणि दर ६०० मीटर चढणीला आणखी एक तास मिळवावा. वाट दहा किलोमीटरची धरली तर चालण्याचे दोन तास आणि सुमारे ११०० मीटर चढणीचे जवळपास आणखी दोन, असे चार तास झाले. यात विसावा, छायाचित्रे आणि लहान मुले धरलेली नाहीत. ती धरल्यास सहा तासांची तयारी ठेवावी. कसौलीतील मंकी पॉइंट हवाई दलाच्या आवारात असल्याने तेथे जायचे तर ओळखपत्र सोबत हवे.

या हिशेबात दिवसाची लांबी मिसळावी लागते आणि येथेच दक्षिणेकडून आलेल्यांची चूक होते. मुंबईत डिसेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चंदीगडमध्ये तो साडेपाचच्या आधीच मावळतो आणि उगवतो सव्वासातच्या सुमारास. सर्वांत लहान दिवस मुंबईपेक्षा येथे पाऊण तासाने लहान असतो. डोंगराच्या उत्तरेकडील उतारावर आणि घळींत त्याहीपूर्वी अंधारते आणि थंडी एकदम वाढते. डिसेंबरात कसौलीची वाट चढायची तर सकाळी आठला परवाणू सोडलेले असावे, दुपारी दोनला वर पोहोचलेले असावे आणि उतरताना पायी न येता बस धरावी. विजेरी आणि एक जादा गरम सदरा पिशवीत असावा. कोणत्या वाटेने जात आहोत आणि किती वाजेपर्यंत परत येणार, हे कागदावर लिहून घरी किंवा वसतिगृहाच्या कार्यालयात ठेवावे. डोंगरात मोबाइलचा संपर्क अनेक वळणांवर तुटतो.

अभयारण्यातील नेपलीच्या वाटेसाठी परवानगी मागताना तारीख, माणसांची संख्या आणि ओळखपत्रे तयार ठेवावी लागतात. ऑक्टोबरमधील सुट्यांच्या दिवसांत गर्दी असल्याने अर्ज सप्टेंबरमध्येच, म्हणजे पाऊस पडत असतानाच केलेला बरा.